जोडीने जत पाहताना : पहिल्या दिवसाची भ्रमंती

लग्नाची हळद उतरते न उतरते तोच नव्या जोडप्यापुढे प्रवासाचे दोन बेत येतात. पहिला बेत पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकातला असतो. माल्टा, सँटोरिनी, सायप्रस, क्रीट ही भूमध्य समुद्रातील बेटे, निळे पाणी, पांढरी घरे, द्राक्षांचे वेल आणि डाळिंबाची झाडे. दुसरा बेत घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. ‘आधी जोडीने देवाला जाऊन या, मग कुठेही फिरा.’ सांगली, सोलापूर, कोल्हापूर आणि सीमेपलीकडील विजापूर, बेळगाव या भागांतील अनेक कुटुंबांसाठी हा दुसरा बेत सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात येऊन थांबतो. गुड्डापूरची दानम्मादेवी आणि जतची यल्लम्मादेवी ही दोन श्रद्धास्थाने याच तालुक्यात आहेत.

पुण्या-मुंबईत स्थिरावलेली जोडपी येथे सकाळी येतात, ओटी भरतात, नारळ फोडतात आणि दुपारी परतीच्या वाटेला लागतात. ‘दुष्काळी तालुका’ एवढीच जतची ओळख वृत्तपत्रांतून झालेली असल्याने येथे पाहण्यासारखे काही असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात एक पूर्ण दिवस हाताशी असेल, तर बाराव्या शतकातील शरण चळवळ, शिवकालातील एक निर्णायक लढाई, दख्खनमधील एका छोट्या संस्थानाचा इतिहास, आधुनिक अध्यात्मातील एका परंपरेचे उगमस्थान आणि कोरड्या माळावर फुललेल्या फळबागा एवढे सारे एकाच तालुक्यात पाहता येते. या सर्व ठिकाणांना जोडणारा धागा एकच आहे, तो म्हणजे पाणी.

दोन भाषांचा माळ

जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा आणि क्षेत्रफळाने जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका. त्याच्या पूर्वेस व दक्षिणेस कर्नाटक, तर उत्तरेस सोलापूर जिल्ह्यातील सांगोला व मंगळवेढा हे तालुके आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा परतीच्या पावसाचा असतो आणि तोही दरवर्षी येईलच याची शाश्वती नसते. काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर, मधूनच एखादी बाभूळ, दूरवर पवनचक्क्यांची संथ फिरणारी पाती, मेंढरांचे कळप आणि सपाट माळ हे येथील दृश्य. बोर नदी तालुक्यातून वाहत जाऊन भीमेला मिळते, पण वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडेच असते.

तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड ही घराघरांतील भाषा आहे. सांगली जिल्हा परिषद येथे कन्नड माध्यमाच्या शाळा चालवते. गावांची व ओढ्यांची नावेही दोन भाषांतून घडलेली आहेत. कन्नडमध्ये ‘गुड्ड’ म्हणजे टेकडी, म्हणून गुड्डापूर. ‘दोड्ड’ म्हणजे मोठा, म्हणून दोड्डनाला. एकाच बाजारात भाव मराठीत विचारला जातो आणि घासाघीस कन्नडमध्ये होते. बाहेरून आलेल्या जोडप्याला जतची पहिली गंमत जाणवते ती ही.

सकाळ : जत शहर आणि डफळ्यांचे संस्थान

दिवसाची सुरुवात जत शहरापासून करावी. जत ही डफळे घराण्याच्या संस्थानची राजधानी होती. या घराण्याचे मूळ आडनाव चव्हाण. जतच्या पश्चिमेकडील डफळापूरची पाटीलकी त्यांच्याकडे होती आणि गावावरूनच डफळे हे नाव रूढ झाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सटवाजीराव डफळे यांनी विजापूरच्या आदिलशाहीत देशमुखी मिळवून घराण्याचा जम बसवला. पुढे मोगल, सातारकर छत्रपती आणि इंग्रज अशा बदलत्या सत्तांशी जुळवून घेत हे घराणे टिकून राहिले. १८२० मध्ये इंग्रजांशी करार झाला. शेजारचे डफळापूर हे छोटे संस्थान १९१७ मध्ये जतमध्ये विलीन झाले. ८ मार्च १९४८ रोजी जत संस्थान मुंबई प्रांतात सामील झाले आणि १९४९ मध्ये नव्याने झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याचा भाग बनले. १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे सांगली असे नामांतर झाले.

शहरातील राजवाडा, जुनी पेठ आणि रामराव महाराजांचे नाव धारण करणाऱ्या शिक्षणसंस्था या संस्थानकाळाच्या खुणा आहेत. यल्लम्मादेवीचे देवस्थानही राजघराण्याशी निगडित आहे. मार्गशीर्षात, म्हणजे साधारण डिसेंबरमध्ये, देवीची मोठी यात्रा भरते. मूळ पीठ बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचे असले, तरी जतच्या यात्रेला दोन्ही राज्यांतून भाविक येतात. यात्रेतील जनावरांचा बाजार हे तिचे खास वैशिष्ट्य. उंच, पांढरेशुभ्र, लांब शिंगांचे खिलार बैल येथे पाहायला मिळतात. तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी माडग्याळी मेंढीही प्रसिद्ध आहे. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक ही तिची ओळख. पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात शेतीपेक्षा पशुधनाचा आधार मोठा असतो, हे या बाजारात समजते.

शहराजवळच्या बनाळी येथे बनशंकरी देवीचे मंदिर आहे. उघड्या माळावरून आलेल्या प्रवाशाला तेथील झाडी सुखावते. वेळ असेल तर सकाळीच तेथे जाऊन यावे.

उमराणी : तहानेने जिंकलेली लढाई

जतच्या दक्षिणेस उमराणी हे गाव आहे. १६७३ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी पन्हाळा घेतला. तो परत मिळवण्यासाठी विजापूर दरबाराने बहलोलखानाला मोठ्या फौजेनिशी पाठवले. सरसेनापती प्रतापराव गुजर यांनी एप्रिलमध्ये या फौजेला उमराणीजवळ गाठले. ऐन उन्हाळ्यात, या माळावर, पाण्याची जागा मराठ्यांनी आधी ताब्यात घेतली आणि खानाच्या सैन्याची पाण्याची वाट अडवली. तहानेने कासावीस झालेल्या फौजेचा प्रतिकार ढासळला आणि खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला जीवदान देऊन वाट मोकळी करून दिली.

खानाला सोडल्याबद्दल शिवाजी महाराज नाराज झाले. तोच बहलोलखान पुन्हा चालून आला आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी गडहिंग्लजजवळ नेसरी येथे प्रतापराव मोजक्या सहकाऱ्यांसह त्याच्या फौजेवर तुटून पडले व धारातीर्थी पडले. नेसरीची कथा महाराष्ट्राला पाठ आहे, पण तिची सुरुवात जतच्या माळावर झाली, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. उमराणीला जाताना किल्ला वा बुरूज पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. येथे पाहायचा तो मोकळा माळ. एप्रिलच्या उन्हात त्यावर काही मिनिटे उभे राहिले, तरी त्या लढाईचा निकाल पाण्याने का लावला, ते उमगते.

दुपार : गुड्डापूरचे दाम्पत्य

उमराणीचे दुसरे महत्त्व पाच शतके मागे नेणारे आहे. परंपरेनुसार दानम्मादेवीचा जन्म याच गावी, बाराव्या शतकात झाला. तिचे बालपणीचे नाव लिंगम्मा. दीनदुबळ्यांना सढळ हाताने दान करण्याच्या वृत्तीमुळे ती दानम्मा म्हणून ओळखली जाऊ लागली, असे सांगतात. तो काळ महात्मा बसवेश्वरांच्या शरण चळवळीचा होता. जतला लागून असलेले मंगळवेढे हे कलचुरी राजा बिज्जलाचे कल्याणपूर्वीचे राजधानीचे ठिकाण. त्यामुळे या मुलखात शरणांचा विचार लवकर रुजला असल्यास नवल नाही.

दानम्माचा विवाह सोमनाथ यांच्याशी झाला आणि त्यानंतर पती-पत्नी दोघांनी मिळून गावोगावी फिरून शिवभक्तीचा व दासोहाचा प्रसार केला, असे परंपरा मानते. दासोह म्हणजे कष्टाने मिळवलेल्यातील वाटा समाजाला विनम्रपणे देणे. अखेरीस गुड्डापूर हे त्यांचे कार्यस्थान ठरले. जोडीने दर्शनाला येण्याच्या प्रथेला गुड्डापुरात वेगळा अर्थ मिळतो तो यामुळे. येथे ज्या देवीपुढे नवे जोडपे हात जोडते, तिचे चरित्र संसार मांडून, जोडीदाराबरोबर पायी फिरून लोकांसाठी झिजलेल्या स्त्रीचे आहे.

कार्तिक अमावास्येला येथे मोठी यात्रा भरते. विजापूर, बागलकोट, बेळगाव भागांतून हजारो भाविक पायी येतात. देवस्थानचा कारभार महाराष्ट्रातील गावात चालतो आणि भाविकांत कन्नड भाषकांची संख्या मोठी असते. मंदिर परिसरातील प्रसाद घेऊनच पुढे निघावे. बाहेर जेवायचे असल्यास शाळूची कडक भाकरी, शेंगांची चटणी, मटकीची उसळ आणि दही हे या भागाचे खरे जेवण. डिसेंबर-जानेवारीत गेल्यास शेतावरचा हुरडाही मिळू शकतो.

तिसरा प्रहर : माळावरचे ‘भूमध्य’ पीक

गुड्डापूरहून जतकडे किंवा संखकडे जाताना वाटेत द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा लागतात. परदेशी बेटाच्या माहितीपत्रकातील हीच दोन फळे येथे पाहून प्रवासी चकित होतात. यामागे कारण आहे. कोरडी हवा, भरपूर ऊन आणि निचरा होणारी हलकी जमीन या पिकांना मानवते. माल्टा बेटावरही वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो आणि तेथे बारमाही नदी नाही. फरक एवढाच की, भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा बाष्पीभवन कमी असते. जतचा पाऊस उष्ण दिवसांत पडतो आणि लवकर उडून जातो. म्हणून येथे प्रत्येक बाग शेततळे, विंधन विहीर आणि ठिबक सिंचन यांच्या बळावर उभी असते. उन्हाळ्यात टँकरने पाणी विकत आणून बागा जगवल्याची उदाहरणे या भागात नवी नाहीत.

डाळिंबात पुण्याच्या गणेशखिंड येथील संशोधनातून आलेली ‘गणेश’ ही जात पूर्वी प्रसिद्ध होती. आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे आणलेल्या गर्द लाल ‘भगवा’ जातीचा बोलबाला आहे. तेल्या रोगाने मात्र अनेक बागायतदारांचे कंबरडे मोडले. द्राक्षांची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास, तर फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. जानेवारी ते एप्रिल या काळात माल तयार होतो.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येणाऱ्यांनी बेदाणा शेड जरूर पाहावी. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो. तो सैल व्हावा म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि मग शेडमधील जाळ्यांच्या थरांवर पसरतात. दोन आठवड्यांच्या आसपास बेदाणा तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. क्षार आणि तेल यांच्या मिश्रणात द्राक्षे बुडवण्याची ही युक्ती मुळात भूमध्य प्रदेशातील आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक कोलुमेला याने राखेचे पाणी आणि थोडे तेल वापरून द्राक्षे सुकवण्याची कृती लिहून ठेवली आहे. तासगावच्या बाजारात जाणाऱ्या आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या ‘सांगली बेदाण्या’चे नाते असे दोन हजार वर्षे मागे जाते.

संध्याकाळ : उमदी

तालुक्याच्या पूर्व टोकाला उमदी हे गाव आहे. भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३–१९१४) यांचे हे गाव. सीमेपलीकडील इंचगेरी येथे त्यांनी मठ स्थापन केला आणि त्यावरून ‘इंचगेरी संप्रदाय’ हे नाव पडले. संसार न सोडता नियमित नामसाधना करण्यावर या परंपरेचा भर आहे. अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे हे भाऊसाहेब महाराजांचे शिष्य. सिद्धरामेश्वर महाराज हेही त्यांचेच शिष्य आणि सिद्धरामेश्वरांचे शिष्य म्हणजे निसर्गदत्त महाराज. मुंबईत खेतवाडीतील माळ्यावर बसून मराठीत बोलणाऱ्या निसर्गदत्तांचे संवाद १९७३ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि जगभरातील जिज्ञासू मुंबईत येऊ लागले. त्या साऱ्यांच्या गुरुपरंपरेतील एक महत्त्वाचा दुवा उमदी या धुळीने माखलेल्या गावात आहे.

जाणारी जोडपी

यात्रेचा हंगाम आणि ऊसतोडणीचा हंगाम एकाच सुमारास येतो. दिवाळीनंतर देवीच्या दर्शनाला नवी जोडपी जतमध्ये येत असतात, त्याच दिवसांत तालुक्यातील अनेक जोडपी गाव सोडत असतात. ऊसतोडणीच्या धंद्यात मजूर एकटा मोजला जात नाही. पती-पत्नीच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल जोडीच्या नावावर असते आणि ती जोडीनेच फेडायची असते. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, जनावरांचा चारा आणि लहान मुले घालून ही कुटुंबे सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी वा कर्नाटकातील कारखान्यांवर जातात आणि चार-पाच महिने पालांतून राहतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा तुटते. संध्याकाळच्या परतीच्या वाटेवर कुलूप लागलेली घरे दिसली, तर त्यामागचे कारण हे आहे.

या स्थलांतराचे मूळ पुन्हा पाण्यातच आहे. मराठी जोडप्यांच्या आवडत्या महाबळेश्वरात वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथेच कृष्णा उगम पावते. तीच कृष्णा मिरज तालुक्यातील म्हैसाळजवळून वाहते. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून तिचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून मिरज, कवठेमहांकाळमार्गे जतकडे आणले जाते. तालुक्याच्या पश्चिम भागाला त्याचा लाभ झाला, परंतु पूर्वेकडील ६५ गावे दीर्घकाळ वंचित राहिली. २०१२ मध्ये ४० गावांनी, पाणी देता येत नसेल तर कर्नाटकात जाऊ द्या, अशा आशयाचे ठराव केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याच ठरावांचा हवाला देत जतवर दावा सांगितला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या तालुक्याकडे गेले. त्यानंतर काही दिवसांतच तुबची-बबलेश्वर योजनेतून सोडलेले कर्नाटकचे पाणी तिकोंडीच्या तलावात पोहोचले. महाराष्ट्र शासनाने या गावांसाठी सुमारे २ हजार कोटी रुपयांच्या विस्तारित म्हैसाळ योजनेची घोषणा केली.

सीमेच्या वादात भाषेचा उल्लेख होत असला, तरी त्या ठरावांतील मागणी पाण्याची होती. माळावर पाणी आले की बाग उभी राहते आणि बाग उभी राहिली की कोयता घेऊन बाहेर पडण्याची गरज कमी होते, हे गणित जतमधील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. एका दिवसाच्या भ्रमंतीत पाहुण्यांच्या लक्षात यावी, अशी गोष्ट हीच.

प्रवाशांसाठी उपयुक्त माहिती

कसे जाल : गुहागर–विजापूर राष्ट्रीय महामार्ग जतमधून जातो. सांगली व मिरजेहून जतला एस.टी. बस आहेत. मोठी रेल्वे स्थानके मिरज आणि विजापूर (२०१४ पासून अधिकृत नाव विजयपूर). मिरज–पंढरपूर मार्गावर ‘जत रोड’ नावाचे स्थानक आहे, मात्र ते जत शहरात नाही. नावावर विसंबून तेथे उतरू नये. उमराणी, गुड्डापूर, उमदी ही ठिकाणे वेगवेगळ्या दिशांना असल्याने एका दिवसात सर्व पाहायची असतील, तर स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन आवश्यक.

केव्हा जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. यात्रा पाहायची असेल तर कार्तिक अमावास्येला गुड्डापूर आणि मार्गशीर्षात जत. निवांत दर्शन हवे असल्यास अमावास्या टाळावी. बेदाणा शेड पाहण्यासाठी फेब्रुवारीअखेर किंवा मार्च योग्य. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा प्रवास टाळावा.

मुक्काम : जतमध्ये साधी निवासव्यवस्था आहे. अधिक सोयी हव्या असतील तर मिरज, सांगली किंवा विजापूर येथे मुक्काम करावा. यात्राकाळात जागेची आधी चौकशी करावी.

लक्षात ठेवा : पूर्व भागात कन्नडमधून ‘नमस्कार’ किंवा ‘नीरु’ (पाणी) एवढे शब्द आले तरी बोलणे सोपे होते. बाग किंवा शेडमध्ये मालकाला विचारूनच शिरावे. पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे आणि येथे मिळालेले पाणी वाया घालवू नये.

दुसऱ्या दिवशी : विजापूरचा गोलघुमट व इब्राहिम रोजा किंवा दामाजीपंत आणि संत चोखामेळा यांचे मंगळवेढे. दोन्हीकडे जतहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परतता येते.